ऐच्छिक पडताळणी

सोमवारी सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवत तिने पहिलाच बदल उघडला, आणि चहा तसाच राहिला.

बदल लहान होता, जेमतेम एकोणचाळीस ओळींचा. वर कारण लिहिलं होतं: ‘मेमरीच्या पडताळण्या ऐच्छिक करणे. मूळ स्थिती: चालू. बंद केल्यास वेग सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो.’ खाली पाठवणाऱ्याचं नाव आणि ‘तपासणार’ या रकान्यात तिचं.

कंपनी डायलिसिसची मशीन बनवायची आणि ती सतरा वर्षं त्या मशीनच्या कर्नेलवर काम करत होती. कर्नेल म्हणजे मशीनमधल्या सगळ्या प्रोग्रॅमच्या बुडाशी बसलेला मुख्य प्रोग्रॅम. बाकीच्यांना मेमरीचे तुकडे वाटून देणं आणि काम संपलं की परत घेणं हे त्याचं काम. (तिच्या सासऱ्यांची बरीच वर्षं समजूत होती की सूनबाई कुणा रिटायर्ड कर्नलच्या हाताखाली नोकरीला आहेत. अधूनमधून ते ‘साहेबांची तब्येत काय म्हणते?’ असं विचारतही.) या देवाणघेवाणीत घोळ होऊ नये म्हणून तिने जागोजागी पडताळण्या घातल्या होत्या. परत आलेला तुकडा दुसऱ्याला देण्याआधी कर्नेल बघायचं, की हा खरंच मोकळा आहे ना, परत केल्यावर कुणी यात काही लिहिलेलं तर नाही ना. जरा शंका आली की मशीन जागच्या जागी थांबायचं, घंटा वाजायची आणि स्क्रीनवर लाल पट्टीत कारण यायचं. माणसाचं रक्त नळीतून फिरत असताना चुकीच्या आकड्यावर चालणाऱ्या मशीनपेक्षा थांबलेलं मशीन बरं, असं तिचं म्हणणं होतं आणि त्यात ती कुणाचं ऐकत नसे. ऑफिसात तिच्या पाठीमागे तिला ‘फौजदार’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

‘तीन टक्के वेग!’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘रक्ताला काय शर्यतीत पळवायचंय?’

डायलिसिसला चार तास लागतात. मशीन कितीही चपळ असलं तरी चारच लागतात. मग हा बदल कुणाला हवा होता?

पाठवणारा माणूस चार महिन्यांपूर्वी कंपनीत आला होता. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने किरकोळ. विचारल्याशिवाय बोलायचा नाही, आणि विचारल्यावरही बोलेलच असं नाही. त्यामुळे आठवड्याभरातच त्याचं नाव ‘मौनीबाबा’ पडलं. डबा एकटाच खायचा. मागून कुणी गेलं की झटकन स्क्रीनवरची खिडकी बदलायचा. हे तिने तीनदा पाहिलं होतं.

ती सरळ त्याच्या टेबलापाशी गेली.

“हे काम तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्याने वर पाहिलं. खिडकी बदललीच. “यादीत होतं, मॅडम.”

“यादीत कुणी घातलं?”

“बदलात काही चूक आहे का?”

“मी काय विचारलं?”

“मूळ स्थिती चालूच ठेवलीय,” तो म्हणाला. “कुणाला बंद करायच्या असतील तर करता येतील, एवढंच.” बोलताना तो तिच्या चेहऱ्याकडे असं बघत होता, जणू उत्तर त्याला तिच्याकडूनच हवं होतं. ते तिला अजिबात आवडलं नाही.

तिथून ती दादांच्या खोलीत गेली. दादा म्हणजे उपकरण विभागाचे प्रमुख. स्क्रीन, पंप, सेन्सर यांना कर्नेलशी जोडणारे प्रोग्रॅम, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात, ते सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. ती नोकरीला लागली तेव्हा पहिलं वर्षभर त्यांनीच तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. तिच्या लग्नात, मुलीच्या आजारपणात, नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा, दादा प्रत्येक वेळी होते. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. खिडकीतल्या कुंड्या त्यांनी आत्तापासूनच एकेकाला वाटायला सुरुवात केली होती.

“अगं, जाऊ दे ना,” ते म्हणाले. “सगळ्याच कर्नेलमध्ये अशा सोयी असतात. बारकी उपकरणं असतात, मेमरी कमी असते, तिथे उपयोग होतो.”

“आपण कुठे बारकी उपकरणं करतो, दादा?”

“पुढे करू. तू मंजूर करून टाक.” मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “पण त्या माणसावर जरा लक्ष ठेव. आधीची कंपनी का सोडली, ते त्याने कुणालाच सांगितलेलं नाही.”

झालं. आधीच कुठेतरी पाणी मुरतंय असं तिला वाटत होतं, आता ते कुठे मुरतंय हेही कळल्यासारखं झालं. तिने बदल मंजूर केला नाही आणि नाकारलाही नाही. तसाच अडकवून ठेवला.

त्याच संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात मुख्य सिस्टर. एरवी दार उघडतानाच दोन टोमणे मारणारी ताई त्या दिवशी नुसती “ये” म्हणाली आणि आत जाऊन पलंगावर बसली. उशीशेजारी एक लिफाफा पडला होता.

“वाच,” ताई म्हणाली.

हॉस्पिटलने ताकीद दिली होती. ताईच्या पाळीत मशीन वारंवार बंद पडतात, हाताळणीत हयगय दिसते, पुन्हा असं झाल्यास दुसऱ्या विभागात बदली होईल.

“आमची मशीन?”

“तुमचीच. सहा महिन्यांत अकरा वेळा. मध्येच थांबतं, कोकलायला लागतं. मग मी ते हँडल फिरवत बसते, हाताने रक्त परत पाठवायचं म्हणून. पेशंटचा जीव टांगणीला, माझा हात भरून येतो, आणि वर डॉक्टर म्हणतात, सिस्टर, तुमच्याच हाताला कसं होतं?” ताईने लिफाफ्याची घडी घातली. “खरं सांगू? आता मलाही तसंच वाटायला लागलंय. स्क्रीन मंद व्हायला लागते, मी तिला जागं करायला बोट लावते, आणि हे बंद पडतं. बाकीच्या पोरी मंद झाली तर होऊ देतात. मला आकडे डोळ्यांसमोर लागतात ना. म्हणजे माझंच बोट नडलं.”

“दर वेळी मंद होतानाच?”

“दर वेळी नाही गं. पण झालं की तेव्हाच.”

ताईने मोबाईलमध्ये काढून ठेवलेला फोटो दाखवला. लाल पट्टीत एक ओळ होती: मोकळ्या तुकड्यात परत केल्यानंतर लिहिलेलं आढळलं. त्यापुढे ज्या पडताळणीने मशीन थांबवलं तिचं नाव. ते नाव तिनेच ठेवलेलं होतं. त्या संदेशातला शब्द न् शब्द तिचा होता.

अकरा वेळा मशीन थांबलं होतं. तिची पडताळणी लागून मशीन थांबलं तर तक्रार तिच्याकडे यायला हवी होती. आजवर एकही आली नव्हती.

मंगळवारी ती सकाळी आठलाच ऑफिसात पोचली आणि तक्रारींची नोंद उघडली. शोधायला फार वेळ लागला नाही. एकूण चौतीस तक्रारी होत्या, वेगवेगळ्या हॉस्पिटलच्या. प्रत्येकीपुढे एकच शेरा: ‘वीजपुरवठ्यातील चढउतार. निकाली.’ शेरा मारणाऱ्याच्या जागी नुसतंच ‘उपकरण विभाग’. त्या विभागात मौनीबाबा धरून सात माणसं होती आणि सातही जण एकच पासवर्ड वापरत. तिने पहिल्या पानावरच्या तारखा पाहिल्या. गेल्या आठवड्यापासून मागे, दोन महिन्यांपूर्वी, तीन, आणि तळाशी चार. मौनीबाबा आला तेव्हापासूनच्या. तिने पान उलटलंच नाही.

नऊ वाजता ती साहेबांच्या खोलीत होती. साहेब म्हणजे तांत्रिक शाखेचे वरिष्ठ, घाबरट पण सरळ माणूस. तिने सगळं सांगितलं: तक्रारी दाबल्या जाताहेत, आणि मशीन थांबवणाऱ्या पडताळण्याच बंद करायची सोय तोच माणूस करतोय. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि फोन लावला. दहा वाजता मौनीबाबाच्या स्क्रीनवर ‘प्रवेश स्थगित’ आलं. तो उठला, बॅग उचलली आणि कुणाशीही न बोलता निघून गेला. जाताना त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. दादांनी लांबूनच तिला मान हलवून शाबासकी दिली.

बुधवारी ती ऑफिसच्या फाटकाशी पोचली तर तो तिथे उभा. हातात कागदांची जाडी फाईल.

“आत यायला बंदी आहे,” तो म्हणाला. “म्हणून इथेच. पाच मिनिटं, मॅडम. मग तुम्ही म्हणाल ते.”

“बोला.”

“पहिली तक्रार कधीची आहे?”

“तुम्ही आलात त्या महिन्यातली.”

“ती पहिल्या पानावरची. मागचं पान?” त्याने फाईल उघडून तिच्यासमोर धरली. सर्वात जुनी तक्रार साडेसहा महिन्यांपूर्वीची होती. तोच शेरा, तेच शब्द. तेव्हा तो या कंपनीत नव्हताच.

तिने कागद हातात घेतला. तारीख पुन्हा वाचली. आपल्या कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला जाणवलं.

“आणि हे सगळं तुम्ही का गोळा करत होतात?”

“तुमच्यासाठी नाही,” तो म्हणाला. “तुमच्याविरुद्ध.”

“काय?”

“लाल पट्टीत नाव तुमच्या पडताळणीचं येतं. तक्रारी दाबलेल्या दिसतात. मला वाटलं, पडताळणीच चुकीची असेल आणि तुम्ही झाकताय. तुम्ही टेबलाशी येऊन ‘कुणी सांगितलं’ विचारलंत तेव्हा तर खात्रीच पटली.” त्याने फाईल मिटली. “आधीच्या कंपनीत मी अशीच एक गोष्ट लेखी कळवली होती, पुरावा हातात नसताना. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची जिन्याखाली गेली. म्हणून या वेळी आधी कागद जमवले.”

“आणि तो बदल?”

“दादांनी सांगितला. तोंडी. मी यादीत घाला म्हटलं, तर म्हणाले, तूच घाल.”

दादांचं नाव ऐकल्यावर तिच्या मनात आलेला पहिला विचार असा होता की हा माणूस खोटं बोलतोय. पुढे कितीतरी दिवस तिला त्या विचाराची लाज वाटत राहिली.

“चला,” ती शेवटी म्हणाली. “फाटकावरच्या वहीत ‘पाहुणा’ म्हणून लिहा. मी सही करते.”

चाचणीची खोली तळमजल्यावर होती. तिथे एक मशीन कायम जोडलेलं असे. पेशंटच्या जागी पाण्याचा कॅन, रक्ताच्या नळ्यांतून लाल रंग घातलेलं पाणी. तिने ताईचं बोलणं त्याला सांगितलं. मौनीबाबाने स्क्रीन मंद व्हायची वेळ दोन मिनिटांवरून दहा सेकंदांवर आणली, आणि दोघं आळीपाळीने बोट लावत बसले. स्क्रीन मंद होतेय, बोट. मंद होतेय, बोट. सदतिसाव्या वेळी मशीन थांबलं, घंटा वाजली, लाल पट्टी आली.

“ताईचं बोट नव्हे, वेळ,” ती म्हणाली.

कारण उलगडायला दुपार झाली. स्क्रीन मंद होताना स्पर्श ओळखणारा ड्रायव्हर आपल्याकडचा मेमरीचा तुकडा कर्नेलला परत करत होता. पण नेमकं त्या क्षणी बोट स्क्रीनवर असेल तर, परत केल्यानंतरही एकदा, बोट कुठे टेकलं त्याचा आकडा तो त्या तुकड्यात लिहून टाकायचा. घर सोडून गेलेल्या भाडेकरूने जुन्या किल्लीने आत शिरून भिंतीवर काहीतरी खरडावं, तसं. पडताळणी ते खरडलेलं बघायची आणि मशीन थांबवायची. पडताळणी बरोबर होती, ड्रायव्हर चुकीचा होता.

“आता बंद करून बघू,” मौनीबाबा म्हणाला.

तिच्या पासवर्डने त्याने आपलाच अडकलेला बदल त्या मशीनवर चढवला आणि पडताळण्या बंद केल्या. पुन्हा बोट, पुन्हा बोट. आता मशीन थांबेना. पन्नास वेळा झालं, सत्तर वेळा झालं. पंप सुरळीत फिरत होता. मान वर करून तो तिला म्हणाला, “मॅडम, पाण्याचा आकडा बघा.”

पेशंटच्या अंगातून चार तासांत किती जादा पाणी काढायचं, तो आकडा स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात असतो. सुरुवातीला त्यांनी दोन पूर्णांक एक लिटर घातला होता. आता तिथे तीन पूर्णांक नऊ होतं. घंटा नाही, पट्टी नाही. मशीन आज्ञाधारकपणे जास्तीचं पाणी ओढायला लागलं होतं. तो तुकडा आता पाण्याच्या हिशेबाला दिला गेला होता; भाडेकरूने खरडलेली भिंत दुसऱ्याच्या घरात होती.

एवढं पाणी एकदम ओढलं तर माणसाचा रक्तदाब कोसळतो, हे ताईने तिला कितीदा तरी सांगितलेलं. कॅनमधल्या पाण्याला काही होत नव्हतं, तरी तिने हात लांब करून मशीन बंद केलं.

मग तिने ड्रायव्हरचा इतिहास उघडला. स्क्रीन मंद होण्याची सोय सात महिन्यांपूर्वी आली होती. लिहिणारे: दादा. तपासणार: ती. बदल आला होता अकरा वाजून चार मिनिटांनी, तिने मंजूर केला होता सव्वा अकराला. सहाशे ओळी अकरा मिनिटांत! वाचल्याच नव्हत्या. वर दादांचं नाव होतं, तेवढं बघितलं आणि पुढे गेली.

मौनीबाबानेही ते वाचलं. तो काही बोलला नाही, आणि या वेळी तिला त्याचं न बोलणं बरं वाटलं.

दादा कुंडीतली माती उकरत होते. तिने त्यांच्यासमोर स्क्रीनचा फोटो ठेवला.

“पाण्याचा आकडा आहे, दादा. दोन पूर्णांक एकचा तीन पूर्णांक नऊ झाला. पडताळणी बंद केल्यावर.”

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. “असं होणार नाही,” ते म्हणाले. “तो तुकडा मोकळाच पडून असतो. मी बघितलं होतं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

हातातली खुरपी त्यांनी कुंडीच्या काठावर ठेवली. “पहिली तक्रार आली तेव्हाच कळलं. दोन ओळींची दुरुस्ती आहे. पण चूक म्हणून कळवली तर प्रत्येक हॉस्पिटलला पत्र, पुन्हा परवानगी, चौकशी. तीस वर्षांनंतर जाताना माझ्या नावावर हे? मला वाटलं, एक आकडा मोकळ्या जागेत लिहिला जातो, कुणाला काय इजा? तुझी पडताळणी तेवढी ओरडते. ती गप्प झाली की मशीन थांबणार नाही, आणि दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत गुपचूप जाईल.”

“आणि चौतीस तक्रारी? वीज?”

काठावरच्या खुरपीची माती ते बोटाने खरवडायला लागले.

“माझ्या ताईला ताकीद मिळालीय, दादा. तिला वाटतंय तिच्या हातात दोष आहे.”

“मला माहीत नव्हतं ती तिथे आहे.”

“दुसऱ्या कुणाची ताई असती तर चाललं असतं?”

दादांनी चष्मा काढला. एकदम म्हातारे दिसायला लागले. “तू अजून काही लिहिलेलं नाहीस ना?” त्यांनी हळूच विचारलं. “आज दुरुस्ती टाकतो. तू मंजूर कर. मागच्यासारखीच.”

‘मागच्यासारखीच’ हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला का? सात महिन्यांपूर्वीची तिची सहीही कागदावर आहे याची ते आठवण करून देत होते, की सवयीने बोलले? सतरा वर्षं ओळखीच्या त्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली, पण तिला काही ठरवता आलं नाही.

“मी लिहिणार आहे,” ती म्हणाली. “माझी अकरा मिनिटंसुद्धा.”

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला, तीनदा कपाळ पुसलं, आणि त्यांच्या स्वभावाला न शोभणाऱ्या वेगाने कामाला लागले. त्याच दिवशी सगळ्या हॉस्पिटलना कळवलं गेलं: स्क्रीन मंद होण्याची सोय सेटिंगमधून बंद करा, ती सुरू ठेवू नका. दुरुस्ती तपासून, परवानगी घेऊन मशीनमध्ये पोचायला नऊ आठवडे लागले. दादांनी चौकशीत सगळं कबूल केलं आणि निवृत्तीच्या आधीच घरी गेले. निरोप समारंभ झाला नाही. तिलाही लेखी समज मिळाली, आणि ती तिने न कुरकुरता घेतली.

ताईच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं, “सिस्टर, ते पत्र विसरून जा.” ताई म्हणाली, “लेखी दिलंत, लेखीच परत घ्या.” आठवडाभर ती त्यांच्या दारात उभी राहिली, तेव्हा कुठे कागद मिळाला. मग तिने बहिणीला फोन करून दोन टोमणे मारले, तेव्हा बहिणीच्या जिवात जीव आला.

मौनीबाबाला प्रवेश परत मिळाला. ती त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, “माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगते.”

“सांगा,” तो म्हणाला. “प्रवेश बंद सगळ्यांसमोरच झाला होता.”

तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि नुसती मान हलवली. तो डबा अजूनही एकटाच खातो.

त्याचा बदल शेवटी मंजूर झाला. तो वाईट नव्हताच. पुढेमागे खरंच बारकी उपकरणं येतील, तिथे तो लागेल. तिने त्यात फक्त एक अट घातली: जे मशीन माणसाला जोडलं जातं, त्यासाठी पडताळण्या बंद करू पाहिल्या तर प्रोग्रॅम तयारच होणार नाही. त्या अटीच्या तपासणीला मौनीबाबाने चार दिवस घेतले आणि दोन चुका काढल्या. दोन्ही खऱ्या होत्या.

त्यानंतरच्या सोमवारी तिने दादांच्या नावाचे सगळे जुने बदल मागवले, स्वतः मंजूर केलेले. दोनशे बारा निघाले. किती मिनिटांत मंजूर केले तेही प्रत्येकापुढे होतं: नऊ, सहा, चौदा, चार. एकीकडे त्यांनी शिकवलेलं सगळं तिला आठवत होतं, आणि दुसरीकडे ती प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारत होती की इथे काय लपलंय. पहिल्या दिवशी तीन वाचून झाले. तिन्ही निर्दोष होते. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं. तिने चौथा उघडला.